मुलाखतीला जाताना गटाची वही आठवा

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा बँक सखी आणि पशू सखीच्या जागांसाठी आपल्यातल्या बऱ्याच जणींनी अर्ज भरलेत. त्यांना मुलाखतीबद्दल दोन शब्द सांगा, असं मला सांगण्यात आलं. मी स्वतः नववीपर्यंत शिकलेली. पण गेली चार वर्षं निवड समितीत बसते. टेबलाच्या त्या बाजूनं काय दिसतं, तेवढं मला सांगता येईल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बँक सखीसाठी एक ताई आल्या. बारावी शिकलेल्या. माझी त्यांची ओळख नव्हती. आम्ही विचारलं, "सध्या काय करता?" त्या म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." "कामाचा काही अनुभव?" "नाही." आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागलं. आमच्यासमोर मार्कांचा कागद असतो. अनुभवाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. पाच मिनिटांत त्या बाहेर गेल्या आणि जागा दुसरीला मिळाली.

पुढच्या महिन्यात मी त्यांच्याच गावात गटाचं दप्तर बघायला गेले. इतिवृत्त, बचतीची नोंद, कर्जाचं खातं, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. कुठं खाडाखोड नाही. विचारलं, कोण लिहितं? तर ह्याच ताई! 7 वर्षांपासून. गटात 12 बाया, महिन्याला 100 रुपये बचत. म्हणजे 1,00,800 रुपयांचा हिशेब त्या बाईनं पैशापैशानं जुळवलेला. वर बँकेचं कर्ज दोनदा घेऊन फेडलेलं, एकही हप्ता चुकलेला नाही. मी म्हणलं, "अहो ताई, हे मुलाखतीत का नाही सांगितलं?" तर म्हणतात कशा, "ते होय? ते तर गटाचं. ते काय काम आहे?"

येताना जीपमध्ये मला माझाच राग आला. मी तरी खोदून विचारायला पाहिजे होतं. पण समितीपुढं एका दिवसात वीस-पंचवीस जणी येतात, बायांनो. जी जेवढं सांगेल तेवढंच आम्हाला कळतं. पहिल्या दोन-तीन उत्तरांत मनात एक चित्र तयार होतं, आणि मग ते बदलायला फार वेळ लागतो.

म्हणून "काही नाही, घरीच असते" हे वाक्य आजपासून बंद. त्याच्या जागी काय म्हणायचं? नाव, गाव, गट, आणि आकडा. "मी अमुक गावची. आमच्या गटाची सचिव आहे, 7 वर्षं. 12 जणींचं दप्तर मी लिहिते. बँकेत पैसे भरायला आणि काढायला मीच जाते." एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. हे घरी मोठ्यानं म्हणून बघा, भाकरी थापताना म्हणा. दशसूत्री आपण पाठ म्हणतो, मग स्वतःबद्दल चार वाक्यं म्हणायला काय हरकत? जी सचिव नाही तिच्याकडंही सांगायला असतंच. कुणी दोन शेळ्यांच्या आठ केल्या, कुणी शाळेच्या पोषण आहाराचा स्वयंपाक सांभाळते. पशू सखीच्या मुलाखतीत तर शेळ्यांचंच सांगायचं, त्यांना लस कधी टोचली तेसुद्धा.

आता कागदांचं. हे नीट ऐका, कारण इथं हुशार बायासुद्धा अडकतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. समितीनं विचारलं की बाई गोंधळते, पिशवीतून रेशनकार्ड, लाईट बिल, पोराचा जन्मदाखला, सगळं बाहेर काढते. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून आधीच काढून ठेवा, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे त्यावरून दाखवता येतं. लग्नाची नोंदच झालेली नसेल तर आजच चौकशीला लागा, आदल्या दिवशी धावपळ करून ते होत नाही. एका फाईलमध्ये मूळ कागद, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स, प्रत्येकीवर आपली सही. मागितला की कागद हातात.

साडीबद्दल सगळ्या विचारतात. रोजची धुतलेली, इस्त्रीची नेसा. करकरीत नवी नको, पदर सावरण्यातच जीव जातो. ड्रेस घालत असाल तर ड्रेस चालतो. झालं.

नवरा, दीर, भाऊ सोबत आले तर त्यांना बाहेर बसवा. मागं एकदा प्रश्न आम्ही बाईला विचारत होतो आणि उत्तर दारातून नवरा देत होता. माणूस चांगला होता, काळजीनं आला होता. पण गावोगावी ती एकटी कशी फिरेल, ही शंका आमच्या मनात त्यानंच घातली.

मोबाईलचं विचारतात. येत नसेल तर "येतं" म्हणू नका, लगेच हातात फोन देऊन बघतात. "व्हॉट्सॲप येतं, फोनवरून पैसे पाठवता येतात, ॲपमध्ये माहिती भरायला शिकावं लागेल" असं सरळ सांगा. खरं बोललेलं आम्हाला आवडतं.

आणि एक प्रश्न हमखास येतो, "मुलं लहान आहेत, जमेल का?" पुरुषांना हे कुणी विचारत नाही. आमच्या समितीत मी हा प्रश्न बंद करायला लावला. आता आम्ही फक्त एवढंच विचारतो, की महिन्यातून इतके दिवस फिरावं लागेल, तयारी आहे का? पण दुसरीकडं विचारलं तर चिडू नका, रडूही नका. "सासूबाई असतात, पोरगी अंगणवाडीत जाते," जे असेल ते एका वाक्यात सांगा आणि कामाच्या बोलण्यावर या.

त्या ताईंनी यंदा पुन्हा अर्ज केलाय. त्या आज इथं बसल्यात, नाव सांगत नाही. ह्या वेळी समितीत मी नाही, त्यामुळं माझा काही उपयोग नाही त्यांना. जे सांगायचं ते त्यांनाच सांगावं लागेल.

सभा संपली की ज्यांचे अर्ज गेलेत त्यांनी थांबा. मी आणि लेखापाल ताई टेबलामागं बसतो, तुम्ही एकेक जण दारातून आत या. चहा सांगितलाय. पाचची एसटी आहे, तोपर्यंत सगळ्यांचा एकदा तरी सराव होईल.