शेपटीत शिदोरी

ऑस्ट्रेलिया म्हटलं की कांगारूच डोळ्यांपुढे येतो. पण पोटाला पिशवी असलेल्या त्या गोतावळ्यात 10 ते 20 ग्रॅम वजनाचीही मंडळी आहेत. त्यांतलाच एक, जाड शेपटीचा डनार्ट. दक्षिण आणि मध्य ऑस्ट्रेलियातल्या उघड्या माळरानांवर तो राहतो.

दिसायला उंदीर, पण जात शिकाऱ्याची. कुरतडायच्या दातांऐवजी जबड्यात बारीक टोकदार दातांची रांग, आणि नातं थेट टास्मानियन डेव्हिल या मांसाहारी प्राण्याशी! अंधार पडला की टपोरे काळे डोळे नि मोठाले कान घेऊन हा बाहेर पडतो. भुंगेरे, नाकतोडे, कोळी, अळ्या, समोर येईल ते मटकावतो. पाणी मिळालं नाही तरी अडत नाही; किड्यांच्या अंगातला ओलावा त्याला पुरतो.

खरी गंमत शेपटीत आहे. किड्यांचा सुकाळ असला की तिच्यात चरबी साठते आणि ती बुडाशी गाजरासारखी फुगते. दुष्काळात याच शिदोरीवर गुजराण, म्हणून शेपटी रोडावत जाते. कडाक्याच्या थंडीत तो अंगाचं तापमान उतरवून काही तास निपचित पडतो, मग उन्हाला येऊन अंग शेकतो. एरवी एकलकोंडा, पण थंडीत चार जणांना चिकटून एकाच घरट्यात झोपतो. मोठा व्यवहारी प्राणी!

मादीचं गरोदरपण जेमतेम 2 आठवड्यांचं. काही मिलिमीटरांचं, आंधळं पिल्लू आपलं आपण सरपटत पिशवी गाठतं आणि स्तनाला घट्ट चिकटतं. पुढची वाढ तिथेच.

1936 साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात माहितीतला शेवटचा टास्मानियन वाघ, म्हणजे डनार्टचाच पिशवीवाला नातलग, मेला. तो पुन्हा जन्माला घालायची खटपट मेलबर्न विद्यापीठातले शास्त्रज्ञ एका अमेरिकी कंपनीबरोबर करताहेत, आणि त्यासाठी पेशी वापरताहेत डनार्टच्या. वाघ येईल तेव्हा येवो. मला काळजी आज जिवंत असलेल्या डनार्टची वाटते. युरोपियनांनी नेलेली मांजरं आणि कोल्हे त्याच्या मागावर आहेतच, त्यात माळरानंही नांगरली जाताहेत, त्यांवर वस्त्या उठताहेत.

मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीच्या बाजूला, माळावरच्या दगडांखाली डनार्ट घरटी करतात. त्याच भागात आता आपली मराठी कुटुंबंही राहायला गेली आहेत. तुमचं कुणी तिकडे असेल, तर एवढं जरूर कळवा : बागेच्या शोभेसाठी माळावरचे दगड उचलून आणू नका.