पावसाच्या पाण्याला जागा द्यायची, पण कुणाची?



उद्यान म्हटलं की आपल्याला झोपाळे, चालायची वाट आणि तिकीटखिडकी आठवते. आता शहरं उद्यानाला आणखी एक काम देतायत: पावसाचं पाणी धरून ठेवायचं. सिमेंटवर पडलेलं पाणी मुरत नाही. ते एकदमच गटारात जातं, गटार तुंबतं आणि पाणी सखल वस्तीत शिरतं. बँकॉकमध्ये 2017 साली सुरू झालेलं चुलालोंगकोर्न शताब्दी उद्यान सुमारे 11 एकरांचं आहे. ते मुद्दाम तीन अंशांच्या उतारावर बांधलंय. वरचं पाणी गवतातून, पाणवनस्पतींतून उतरत खालच्या तळ्यात येतं. असं सुमारे 38 लाख लिटर पाणी तिथं थांबू शकतं.

तंत्र चांगलंच आहे. समाजशास्त्राची संशोधक म्हणून माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. यासाठी जागा कुणाची घेतली जाते?

चेन्नईचं बघा. 2015 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शहर बुडालं. त्यानंतर पूर आणि नदीचं पुनरुज्जीवन ही कारणं देत अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठावरच्या वस्त्या हटवल्या गेल्या. त्यांत दलित कुटुंबं मोठ्या संख्येने होती. हजारो कुटुंबांना दूर दक्षिणेला पेरुंबक्कमच्या बहुमजली इमारतींत पाठवलं. कामं शहरात राहिली, मुलांच्या शाळा सुटल्या. आणि पेरुंबक्कम आहे कुठे? पळ्ळिकरणै पाणथळीजवळ, जिथे दक्षिण चेन्नईचं पाणी उतरतं तिथेच. डिसेंबर 2023 च्या मिचाँग चक्रीवादळात या भागात पाणी साचलं. पुरातून वाचवायचं म्हणून हलवलेली माणसं पुराच्याच वाटेवर नेऊन ठेवली. याच पाणथळीचा मोठा भाग कचरा डेपो, रस्ते आणि आयटी कंपन्यांच्या इमारतींनी खाल्लाय. त्यांना मात्र कुणी झोपडपट्टीसारखं अतिक्रमण म्हणत नाही.

त्याच शहरात दुसरा मार्गही दिसला. 2024 मध्ये तमिळनाडू सरकारने गिंडी रेसकोर्सची सुमारे 160 एकर जमीन ताब्यात घेतली. त्यातल्या 118 एकरांवर उद्यान करायचं ठरलं, पाणी साठवायला तळी खोदायला घेतली. रेस क्लब कोर्टात गेला. तो जाऊ शकतो. वस्तीला अनेकदा बुलडोझर दारात आल्यावरच कळतं.

आपल्यापैकी बरेचजण घरातले पहिले पदवीधर. वस्तीत नोटीस आली की ती वाचायला आपल्याकडेच आणतात. तिच्यात सौंदर्यीकरण, पुनरुज्जीवन, पूरनियंत्रण असे शब्द दिसले की माहिती अधिकारात तीन गोष्टी लेखी मागा. पूररेषेचा नकाशा. त्या रेषेच्या आत आणखी कुणाकुणाची बांधकामं आहेत आणि त्यांना नोटीस गेली का. आणि जिथे पाठवणार, तिथे गेल्या दहा वर्षांत किती वेळा पाणी साचलं.

जे अभियंते होतील, नगररचनेत जातील, त्यांनी हेच प्रश्न आराखडा बनतानाच विचारावेत. नोटीस निघाल्यावर उशीर झालेला असतो.

उद्यानाला आपला विरोध नाही. पाणी आधी आपल्याच घरात शिरतं, म्हणून पाणी धरणारं पहिलं उद्यान आपल्याच वस्तीच्या वरच्या अंगाला हवं, आणि वस्ती जागेवर ठेवून हवं. ही मागणी आपण करायची.

जय भीम.