अ‍ॅडम्स: खोटी माशी, खरा ट्राउट

आज माशीबद्दल बोलूया, पिसांच्या माशीबद्दल. अ‍ॅडम्स ही ड्राय फ्लाय १९२२ साली मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी बांधली. त्यांचे मित्र चार्ल्स अ‍ॅडम्स यांनी ती बोर्डमन नदीवर पहिल्यांदा टाकून पाहिली, म्हणून हे नाव. गंमत म्हणजे ती कुठल्याच एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही. अंगाला मस्करॅटची करडी लव आणि मानेभोवती कोंबड्याची दोन पिसं एकत्र गुंडाळायची, एक तपकिरी, एक पट्टेरी. त्यांच्या ताठ तंतूंवर माशी पाण्यावर उभी राहते.

माझ्या पहिल्या डझनभर फुकट गेल्या. दोरी ओवायच्या भोकामागे जागाच ठेवली नव्हती, मग शेवटची गाठ मारणार कुठे? (कोड लिहितानाही मी असाच घाई करतो, असो.)

शेवटी एक जमली, ती घेऊन बोर्डमनवर गेलो. समोर ट्राउट वर येत होता. माशी बरोबर त्याच्या पुढ्यात पडली, पण दोरी मधल्या जोरदार धारेत. माशी ओढली गेली, पाण्यावर रेघ उठली, मासा गायब. अर्धा तास नुसता उभा राहिलो. तो परत आला. ह्या वेळी माशी पडताच दोरीचा झोळ उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाकला. माशी वाळक्या पानासारखी मोकळी वाहत आली. बुडुक! आणि मी दचकून इतक्या लवकर ओढलं की हुक रिकामा.

माशी शाबूत होती. हवेत दोन-तीनदा झटकून वाळवली, परत टाकली.