सुट्या पानांची वही

फौजेतून निवृत्त होऊन मी इथे चेन्नईजवळ ओरगडमला राहतो. चहूकडे मोटारींचे कारखाने, सगळं जग मोबाइलवर, आणि हा म्हातारा कागदाची वही घेऊन बसलाय! हसा खुशाल.

पण ही वही जवळून बघा. स्पायरल नाही. कडेला सुट्या चकत्या, पानाच्या काठाला अळंबीच्या आकाराच्या खाचा. पान ओढलं की निघतं, दाबलं की परत बसतं, फाटत नाही. 1948 साली बेल्जियममध्ये ‘अतोमा’ने ही वही काढली. सुटे कागद आपल्याला काही नवे नाहीत म्हणा. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेलेच आहेत.

उपयोग सांगतो. आमच्या सौ.ना रक्तदाब. सकाळ-संध्याकाळ मोजून तो मी वहीत लिहितो. महिन्यामागे तीन आठवड्यांची पानं काढून डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. सकाळचे आकडे बरे, संध्याकाळचे चढे. त्यांना एका नजरेत दिसलं, आणि त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या. माझं तमिळ यथातथाच. पण आकड्यांना भाषा लागत नाही. घरी येऊन पानं पुन्हा जागच्या जागी. बांधीव डायरीत हे जमत नाही.

तोटेही आहेत. पंच वेगळा लागतो, साधा चालत नाही. पिशवीत कोंबली तर पानं निसटतात. आणि गोळीची आठवण वही करून देत नाही, त्यासाठी मोबाइलचा गजर आहेच.