जुन्या गाभ्याची डागडुजी आणि मालकीचा प्रश्न



नवे यंत्र बसविले की त्याची नोंद भांडवली गुंतवणुकीत होते. जुने यंत्र चालते ठेवणारे श्रम चालू खर्चात जिरून जातात. संगणकाच्या क्षेत्रात तर हे श्रम कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीत.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला लिनक्स हा कर्नल आज हजारो प्रोग्रामर समाईकपणे घडवीत आहेत. त्यांतील बहुसंख्य निरनिराळ्या कंपन्यांचे पगारदार आहेत. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. बँका, रुग्णालये, वीजकेंद्रे यांना हा वेग झेपणारा नाही. रेड हॅट कंपनीने २०१४ मध्ये आपल्या प्रणालीची सातवी आवृत्ती आणली, तिचा गाभा २०१३ चा, ३.१० क्रमांकाचा होता. जून २०२४ मध्ये तिची नियमित देखभाल संपली, तोवर क्रमांक तोच राहिला.

या दशकात उणिवा उघड होतच राहिल्या. ‘डर्टी काऊ’ ही उणीव २००७ पासून कर्नलमध्ये दडलेली होती. तिच्या आधारे सामान्य वापरकर्त्याला साऱ्या यंत्राचा ताबा घेता येई. २०१६ मध्ये नव्या कर्नलसाठी तिची दुरुस्ती झाली. अशी दुरुस्ती जुन्या गाभ्यात बसविणे म्हणजे बॅकपोर्टिंग. हे नुसते ठिगळ लावणे नव्हे. मधल्या काळात आजूबाजूची रचना पालटलेली असते. एक बदल आणावा तर तो ज्यांवर उभा आहे ते चार बदल मागून आणावे लागतात. ड्रायव्हरचे काम त्याहून किचकट. लिनक्स आपली अंतर्गत जोडणी स्थिर ठेवीतच नाही, त्यामुळे नव्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर जुन्या गाभ्याशी मुळात जुळत नाही.

हे कौशल्य दुर्मिळ, म्हणून त्याला किंमत आली. आणि किंमत आली तेथे गायरानाला कुंपण पडू लागले. २०१० पासून रेड हॅटने कर्नलमधील दुरुस्त्या सुट्या न देता एकत्र कालवून देण्यास प्रारंभ केला. स्रोत उघडा, पण कोणता टाका कशासाठी घातला हे परक्यास कळू नये! जून २०२३ मध्ये या प्रणालीचा नेमका स्रोत ग्राहकांपुरताच राखण्यात आला. तो पुढे वाटला तर ग्राहकाचा करार धोक्यात येतो. आयते घेऊन विकणाऱ्यांना आमच्या कामगारांचे श्रम फुकट का द्यावेत, असा कंपनीचा युक्तिवाद आहे. तो अगदीच पोकळ नाही. मूळ लिनक्सला या कंपनीने पुष्कळ दिलेही आहे. परंतु ज्या दुरुस्त्या ती मागे नेते त्यांपैकी कित्येक इतरांनी लिहिलेल्या असतात, हे या हिशेबात येत नाही.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या सायबर रिझिलियन्स कायद्याने उत्पादकांवर सामान्यतः किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या पुरविण्याचे बंधन घातले. मुख्य तरतुदींसाठी डिसेंबर २०२७ ही मुदत ठरविली. दुरुस्त्या सुट्या व सर्वांना खुल्या असाव्यात, अशी सक्ती मात्र त्यात नाही. आपल्याकडील सरकारी खरेदीच्या निविदांत ही अट यावी, अशी मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे.