सातव्या दिवसाचा विसावा



आमच्यासारख्या कामगार चळवळीतील माणसाने बायबलवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात फार झाले. पण जगाच्या उत्पत्तीची कोणतीही कथा हाती आली की आम्ही आधी एकच गोष्ट पाहतो: या जगात राबायचे कुणी आणि विसावा घ्यायचा कुणी? तीच नजर घेऊन आज यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथातील पहिल्या पुस्तकाकडे, ‘उत्पत्ती’कडे, वळू.

त्याच्या आरंभी दोन कथा आहेत. पहिलीत सहा दिवसांत प्रकाशापासून पशूंपर्यंत सारे घडते, शेवटी नर आणि नारी एकदमच निर्माण होतात, आणि सातव्या दिवशी देव थांबतो. दुसरीत आधी मातीचा पुरुष, मग झाडे, मग पशू आणि अखेरीस स्त्री. देवाचे नावही बदलते. या नावांच्या फरकावरून मुळात निरनिराळे लेख असावेत, असा तर्क झां आस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने १७५३ साली मांडला. त्याच्या शंभर वर्षे आधी, १६५० साली, आर्चबिशप अशर यांनी जगाचा जन्म इ. स. पूर्व ४००४ मध्ये बसवून दिला होता! कथेला पंचांग समजले की असे होते. अकराव्या शतकातील यहुदी भाष्यकार राशी यांनी तर स्पष्टच म्हटले होते, की पहिले वचन निर्मितीचा क्रम शिकवण्यासाठी नाहीच.

मग ते कशासाठी आहे? उत्तरासाठी शेजारच्या बाबिलोनची कथा ऐकली पाहिजे. अत्राहासिस नावाचे काव्य इ. स. पूर्व सतराव्या शतकातील मातीच्या विटांवर सापडते. त्यात माणूस नसतो तेव्हा धाकटे देवच नद्या खणत असतात. अखेर ते वैतागतात, अवजारांना आग लावतात आणि रात्री वरिष्ठ देव एन्लिल याच्या घराला वेढा देतात. निरोप्या येऊन विचारतो, तुमचा पुढारी कोण? उत्तर येते, आम्ही सगळेच. मंडळी, संपाच्या दिवशी फाटकावर हाच प्रश्न आणि हेच उत्तर आम्ही कितीदा ऐकले आहे! तडजोड अशी होते, की एका देवाला मारून त्याच्या रक्तामांसात माती कालवावी, त्यातून माणूस घडवावा आणि ओझे त्याच्या खांद्यावर द्यावे. थोडक्यात, संप मिटला तो बदली कामगार आणून. तो बदली म्हणजे आपण.

‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय यहुदी लोक बाबिलोनमध्ये बंदिवान असताना, म्हणजे इ. स. पूर्व ५८६ नंतर, आकाराला आला असे पुष्कळ पंडित मानतात. जेत्यांच्या अशा कथा चहूकडे असताना हे पराभूत लोक सांगतात, की देव स्वतः काम करतो, स्वतः थांबतो, आणि माणूस त्याच्या प्रतिमेचा आहे. त्या काळी देवाची प्रतिमा राजाला म्हणत. इथे ती सरसकट माणसाला लावली आहे.

घाम गाळणे हा देवाचा शाप आहे, तो मुकाट्याने भोगा, असे कष्टकऱ्यांना फार सांगितले गेले. तिसऱ्या अध्यायात शाप आहे खरा. पण बागेची मशागत आणि राखण हे काम माणसाला दुसऱ्याच अध्यायात, शापाआधी, मिळाले आहे.

पुढे याच सातव्या दिवसाचा कायदा झाला. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरे, दारचा परका, सर्वांना त्या दिवशी काम बंद. निर्गम या पुस्तकात कारण दिले आहे देवाच्या विसाव्याचे. अनुवादात दिले आहे मिसरातील गुलामगिरीच्या आठवणीचे. आम्हाला दुसरे अधिक पटते. पण दास उरलेले सहा दिवस दासच राहिला, हेही विसरू नये.

ही कथा आपल्या कोकणातही आली. बेने इस्राएल लोक तिथे तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ फारसे उरले नव्हते, तरी हा दिवस त्यांनी सोडला नाही. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ असे नावच दिले. घाणा थांबला की बैलही सुटला. ख्रिस्ती लोकांनी शनिवारच्या जागी येशूच्या पुनरुत्थानाचा रविवार धरला. तो रविवार मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र आयता मिळाला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले, तेव्हा कुठे १८९० साली मालकांनी ती सुट्टी मान्य केली.

आता पुन्हा त्या आज्ञेतील यादीकडे पाहा. तीत दासी आहे, बैल आहे, पत्नी नाही. ‘तू’ या शब्दातच ती आली, असे भाष्यकार सांगतात. शब्बाथला चूल पेटवायची नाही असा नियम, म्हणून सारा स्वयंपाक शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी उरकायचा. त्या शुक्रवारी दोन दिवसांचे रांधायला कोण बसले, हे आमच्यापेक्षा या सभेतील भगिनी अधिक चांगले सांगतील.