निर्माल्य होईल असं फूल



आत्ता स्वागतात मिळालेला गुच्छ मी टेबलावर ठेवला आहे. तुम्ही प्रेमाने दिलात, मीही प्रेमाने घेतला. पण आजचा विषयच फुलांचा आहे, तेव्हा हा गुच्छ तुमच्यासमोरच सोडवून बघू या.

हा वरचा चकचकीत जिलेटिन कागद. ही नायलॉनची रिबन. ही चिकटपट्टी. जरबेऱ्याच्या पाकळ्या विस्कटू नयेत म्हणून फुलाला घातलेली ही प्लॅस्टिकची टोपी, आणि देठ वाकू नये म्हणून ही तार. बुडाशी हा हिरवा स्पंज. फुलवाले त्याला फोम म्हणतात. आता फुलं मोजा. पाच! उरलेला ढीग बघा आणि सांगा, आपण नेमकं काय विकत घेतलं?

आपल्या भाषेत निर्माल्य असा एक शब्द आहे. देवाला वाहिलेलं फूल सुकलं तरी आपण त्याला कचरा म्हणत नाही. ते पायदळी येऊ द्यायचं नाही, झाडाच्या बुंध्याशी ठेवायचं, हे आपल्याला घरातच शिकवलं गेलं. फूल निवडण्याची माझी कसोटी याच शब्दात आहे. घेताना स्वतःला विचारावं, याचं निर्माल्य होईल का?

या फोमचं होत नाही. 1954 साली अमेरिकेत आलेला हा पदार्थ फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनतो. बोटाने दाबला की त्याचा भुगा होतो, पण तो भुगा मातीत जिरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना दिसलं, की पाण्यातले छोटे जीव हे कण खातात आणि त्यातून पाझरणारी रसायनं त्यांना बाधतात. लंडनच्या प्रसिद्ध चेल्सी पुष्पप्रदर्शनात 2021 पासून फोमला बंदी आहे. तिथे त्याच्याशिवाय सजावट होते, तर आपल्या मांडवात का होऊ नये? तांब्यात ओली वाळू भरा, देठ ताठ उभे राहतात.

आता दुसरा प्रश्न, फूल आलं कुठून? पुण्याजवळच्या मावळातल्या पॉलिहाउसचा गुलाब सुमारे चारशे किलोमीटरवरून आपल्या बुलढाणा जिल्ह्यात येतो. पण नुसतं अंतर मोजून निकाल देऊ नका. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने 2007 साली हिशेब मांडला होता. बारा हजार गुलाबांमागे केनियाहून विमानाने आलेल्या फुलांचा कर्बवायू सुमारे 6,000 किलो, तर शेजारच्या हॉलंडमधल्या फुलांचा 35,000 किलो. कारण हॉलंडच्या थंडीत काचघरं तापवावी लागतात. म्हणजे अवेळी फूल मागण्याचा हट्ट अंतरापेक्षाही महाग पडतो. ऋतूने दिलेलं फूल घ्यावं, ते शक्यतो जवळचं घ्यावं.

उन्हाळ्यात आपल्याकडे मोगरा आहे, निशिगंध आहे. दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती. झेंडू तर आपल्या कपाशीचा सोबती. हिरव्या बोंडअळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो, म्हणून कपाशीत झेंडूच्या ओळी सापळा पीक म्हणून लावतात. त्याच्या मुळांतला स्राव जमिनीतल्या सूत्रकृमींना रोखतो. पावसाच्या पाण्यावर वाढलेलं हे फूल पिकाची राखण करतं, आणि दसऱ्याला घरात चार पैसेही आणतं.

मात्र जवळचं म्हणजे जंगलातलं फुकटचं, असं समजू नका. आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यातला पळस तिथेच फुलू द्या. दसऱ्याला आपट्याच्या झाडांची कशी दशा होते, ते आपण दरवर्षी बघतो.

आणखी एक गोष्ट. फूल खायचं नसतं, म्हणून त्याच्यावरच्या फवारणीची चौकशी आपण करत नाही. बेल्जियममध्ये फुलवाल्यांना सुती हातमोजे घालून गुच्छ बांधायला दिले. त्या मोज्यांवर शंभराहून अधिक कीडनाशकांचे अंश सापडले. आपल्याकडे गुच्छ बांधणाऱ्या माउलीच्या हातात तर मोजेही नसतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून फूल घेतलं, तर फवारणी कधी झाली हे निदान विचारता येतं.

‘बुके नको, बुक द्या’ असं हल्ली म्हणतात. पुस्तक जरूर द्या. पण फूल सोडू नका, त्याच्यावर कुणाची तरी चूल पेटते. बाजारात भाव पडला, की शेतकरी झेंडूचे ढीग रस्त्याच्या कडेला टाकून जातात, आणि त्याच रस्त्यावरच्या मांडवाला आपण प्लॅस्टिकच्या माळा लावतो! त्या माळा कोमेजत नाहीत, हाच त्यांचा दोष. जे कोमेजत नाही, त्याचं निर्माल्य होत नाही.

फुलवाल्याकडे गेलात की तीन गोष्टी सांगा. कागद नको, फोम नको, सुती दोरा किंवा केळीचं सोपट चालेल. पळसाच्या पानात बांधलेली फुलांची पुडी आपल्या आयाबायांनी वर्षानुवर्षं घरी आणली आहे. त्यात फुलाचा मान कधी कमी झाला नाही.

ही पाच फुलं मी आता या तांब्यातल्या पाण्यात ठेवतो. बाकीचा ढीग माझ्या पिशवीत जाईल. माझ्या स्वागताचा आहे, तो मीच सांभाळायला हवा. उद्याच्या वक्त्यांना तुम्ही सुती दोऱ्यात ओवलेली मोगऱ्याची एक माळ द्या. त्यांना घरी नेण्यासारखा फक्त वास उरेल, आणि फुलं इथल्याच एखाद्या झाडाच्या बुंध्याशी विसावतील.